चपलेच्या कातड्याचा ठावठिकाणा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन पसरलेली आहे. उसाचे मळे आहेत, तंबाखूची शेते आहेत, आणि बांधाबांधांवर बाभळी उभ्या आहेत. दाट अरण्य म्हणावे असे या पट्ट्यात काही नाही. ते पाहावयाचे तर खानापुराकडे, नाही तर चंदगडच्या डोंगरात जावे लागते. अशा या उघड्यावाघड्या मुलखात बसून चपला शिवणाऱ्या चर्मकाराला "तुझ्या या चपलेपायी कोठले जंगल तर तुटले नाही ना?" असा प्रश्न कोणी विचारील, ही कल्पनाच काही वर्षांपूर्वी विनोदाची वाटली असती. आज ती तशी राहिलेली नाही. हा प्रश्न युरोपातील मोठमोठ्या पेढ्यांच्या दप्तरात जाऊन बसला आहे, आणि तेथून तो हळूहळू कृष्णा-दूधगंगेच्या काठापर्यंत येऊ पाहत आहे.

या चपलेला जग कोल्हापुरी म्हणून ओळखते. परंतु ती केवळ कोल्हापूरची नव्हे. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या ती घडविली जात आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली आणि चिकोडी तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चपलेचा बाजार मात्र होता तेथेच राहिला. पुढे २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते आठ जिल्ह्यांच्या नावे. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे चार महाराष्ट्रातले. बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे चार कर्नाटकातले. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ या दोहोंच्या नावे ते आहे. सीमाप्रश्नाचा इतका काथ्याकूट झाल्यावर दोन्ही सरकारे मुकाट्याने शेजारी बसली अशी गोष्ट शोधावयास गेले, तर ती या पायतणाच्या जोडाशिवाय क्वचितच सापडेल.

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात पेढीने आपला नवा पोशाख-संच मिरविला, आणि त्यातील पुरुषांच्या पायांत जी पादत्राणे होती ती पाहून या भागातील लहान पोरानेही "ही तर आपली चप्पल!" असे म्हटले असते. पेढीच्या टिपणात त्यांचा उल्लेख केवळ 'चामडी सँडल' असा होता. कोल्हापूरचे नाव नव्हते, कारागिरांचे तर नव्हतेच. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, वृत्तपत्रांतून गदारोळ झाला, आणि या वहाणांना भारतीय हस्तव्यवसायापासून स्फूर्ती मिळाल्याचे पेढीने मान्य केले. जुलैमध्ये पेढीची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये वर सांगितलेल्या दोन्ही महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करवून घ्यावयाचे आणि सुमारे आठशे युरोस एक जोड या भावाने जगभरच्या दुकानांतून विकावयाचे, असा तो बेत होता. आठशे युरो म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्याही वर. हजार रुपयांच्या आसपास जो जोड निपाणीच्या बाजारात मिळतो, त्याच कुळातील तो जोड!

किमतीचा हा चमत्कार पाहून सर्वांचे डोळे दिपले, आणि चर्चा सारी श्रेय कोणाचे व पैसा कोणाचा याभोवतीच फिरत राहिली. ती व्हावयास हवीच होती. परंतु अशा पेढीशी व्यवहार म्हणजे केवळ नमुना पसंत पडणे आणि पैसे चुकते होणे नव्हे. तेथे मालाबरोबर मालाची कुळकथाही द्यावी लागते. हे कातडे कोणत्या जनावराचे, ते जनावर कोठे वाढले, ज्या जमिनीवर ते चरले ती जमीन पूर्वी जंगल होती काय, असे विचारले जाते. श्रीमंतांच्या वस्तू विकणाऱ्या बहुतेक पेढ्यांनी, जंगलतोडीतून आलेले चामडे वापरणार नाही, अशी आश्वासने गेल्या काही वर्षांत दिलेली आहेत.

ही आश्वासने आपखुशीने आलेली नाहीत. त्यांचे मूळ दक्षिण अमेरिकेत, ब्राझील देशाच्या ॲमेझॉन खोऱ्यात आहे. त्या देशात तेवीस कोटींच्या आसपास गुरे आहेत, आणि त्या खोऱ्यातील जंगल तुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गुरांसाठी केलेली कुरणे हे होय. २००४ या एकाच वर्षात तेथील सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल नाहीसे झाले. आकडा मोठा असला की मनात उतरत नाही, म्हणून असे म्हणू : आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखे दोन जिल्हे चिकोडी, गोकाक, अथणी, खानापूर यांच्यासह बारा महिन्यांत बोडके झाले, आणि वर आणखी काही उरले. त्या कुरणांवरील गुरांचे मांस एका वाटेने गेले व कातडी दुसऱ्या वाटेने. ती कमावण्यासाठी इटलीसारख्या देशांत पोहोचली, आणि तेथून बूट, पट्टे, पिशव्या यांच्या रूपाने जगभर पसरली. २००९ साली ग्रीनपीस या संस्थेने ही साखळी उजेडात आणली, तेव्हा पादत्राणांच्या नामांकित कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. त्याच वर्षी ब्राझीलच्या बड्या मांसव्यापाऱ्यांनी, नव्याने जंगल तोडणाऱ्या गोठ्यांकडून गुरे घेणार नाही, असे लेखी कबूल केले.

आणि तरीही जंगल तुटत राहिले. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण पुढची सारी भानगड येथूनच सुरू होते. वासरू जन्मते एका गोठ्यात, वाढते दुसऱ्यात आणि कत्तलखान्यात जाण्यापूर्वी चार महिने पुष्ट होते तिसऱ्यात. व्यापारी हा तिसरा गोठा तपासतो. तो स्वच्छ असतो. पहिला गोठा जळक्या जंगलाच्या राखेवर उभा असला, तरी त्याची नोंद व्यापाऱ्याच्या वहीत येतच नाही. आपल्याकडे चोरीचे सोने सराफाच्या मुशीतून गेले की त्याला जसे नवे कूळ मिळते, तसाच हा प्रकार होय.

म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली कायदाच केला. गाईगुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात जिनसांना व त्यांपासून बनणाऱ्या ठरावीक मालांना तो लागू केला गेला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरून आलेला माल संघाच्या बाजारात येऊ द्यावयाचा नाही, हे त्याचे मुख्य कलम. आणि हे तोंडी सांगून भागावयाचे नाही. जनावर जेथे जेथे ठेवले गेले त्या प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. दंडाची कमाल मर्यादा कंपनीच्या युरोपातील वार्षिक उलाढालीच्या निदान चार टक्के असावी, असेही त्यात आहे. कायदा झाला खरा, परंतु अंमलाची तारीख दोनदा पुढे गेली. डिसेंबर २०२५ मधील निर्णयाप्रमाणे मोठ्या व मध्यम कंपन्यांसाठी ती ३० डिसेंबर २०२६ आणि लहानांसाठी ३० जून २०२७ अशी ठरली. चामडे-व्यापाऱ्यांची तक्रार अशी की, गाय कोणी कातड्यासाठी पाळीत नाही. कातडे हा मांसाचा उरलेला भाग, त्याच्यावर जंगलाचे खापर कशाला? तक्रारीत काही तथ्य आहे, पण थोडेच. उरलेला भाग विकून जो पैसा येतो तोही अखेर त्याच धंद्याच्या पदरी पडतो.

या कायद्यात एक मोठी गमतीची फट आहे. २०२३ च्या मूळ यादीत कच्चे कातडे आहे, कमावलेले चामडे आहे. तयार पादत्राण नाही. म्हणजे चिकोडीहून कमावलेले चामडे युरोपात पाठविले तर त्याचे सारे गोत्र विचारले जाईल. पण तेच चामडे चप्पल होऊन गेले, तर कायद्याचा रखवालदार तिच्याकडे पाहणारही नाही. येथील कारागिराने यावर खूश व्हावे काय? क्षणभर व्हावे. कारण कायदा विचारीत नसला तरी गिऱ्हाईक विचारते, आणि आठशे युरो मोजणारे गिऱ्हाईक अधिकच विचारते. शिवाय मे २०२५ मध्ये संघाने देशांची जी प्रतवारी जाहीर केली तीत भारताला 'अल्प धोका' या गटात घातले, तर ब्राझीलला त्याच्या वरच्या गटात. मात्र या सवलतीने जोखीम तपासण्याचे काम वाचते. माल कोठून आला हे सांगण्याचे काम काही वाचत नाही.

आता येथील चपलेकडे वळू. तिची घडण पाहिली तर जंगलाचा गुन्हा तिच्या माथी मारणे अवघड आहे. तळाला म्हशीचे जाड कातडे, वर गाईबैलाचे किंवा शेळीचे मऊ कातडे, शिलाई चामड्याच्याच वादीची. खिळा नाही की मोळा नाही. ही जनावरे शेतकऱ्याच्या दावणीची : कडबा खाल्लेली, बांधावर चरलेली. त्यांच्यासाठी कोणी अरण्य जाळून कुरण केलेले नाही.

कमावण्याची जुनी रीतही तशीच. चुन्याच्या हौदात मुरवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवावयाचे, त्यात बाभळीची साल व हिरड्याची पूड यांचे पाणी भरावयाचे आणि ती पिशवी टांगून ठेवावयाची. पाणी झिरपत राही, ते पुनःपुन्हा वर ओतावयाचे. या खटाटोपाला कित्येक आठवडे लागत. क्रोमच्या क्षारांनी हेच काम आज दिवसा-दोन दिवसांत उरकते, आणि मागे उरते ते विषारी सांडपाणी. सालीने कमावलेल्या चपलेला कोरी असताना जो करकर आवाज असतो आणि घामाने जो रंग चढत जातो, तो क्रोमच्या चामड्याला येत नाही, असे जाणकार म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण दिसत नाही.

परंतु 'वनस्पतींनी कमावलेले' म्हणजे आपोआप निर्दोष, असे कोणी समजू नये. जंगलाचा प्रश्न जनावराइतकाच सालीतूनही येऊ शकतो, आणि या बाबतीत युरोपचा कायदा मौन पाळतो. अर्जेंटिना देशातील सांता फे प्रांतात केब्राचो नावाचे एक अतिकठीण लाकडाचे झाड होते. त्याच्या गाभ्यात कातडे कमावण्याचा अर्क भरपूर. विसाव्या शतकाच्या आरंभी ला फॉरेस्टाल नावाच्या ब्रिटिश कंपनीने त्या अरण्यात आगगाडीचे रूळ टाकले, गावे वसविली, कारखाने उभारले आणि काही दशकांत अरण्य उकळून त्याचा अर्क जगभर विकला. झाडे सरत आली तेव्हा कंपनीने कारखाने एकामागून एक बंद केले, आणि त्यांवर वसलेली गावे ओस पडली. आपल्या निलगिरी व पळणीच्या डोंगरांतही सालीसाठी परदेशी वॅटल लावली गेली. ती आता काढू म्हटले तरी निघत नाही, आणि तेथील मूळची गवताळ माळराने तिने गिळली आहेत.

त्या मानाने हिरडा हा सज्जन. फळ वेचावयाचे, झाड उभेच राहते. सह्याद्रीच्या रानात डोंगरी माणसे ते वेचीत आली आहेत. एके काळी विलायतेच्या बाजारात हिरड्याची एक प्रत वेंगुर्ला बंदराच्या नावाने ओळखली जाई. जेथे हिरडा विकला जातो तेथे हिरड्याचे झाड राखण्यात वेचणाऱ्याचे हित असते, हे कोणी सांगावे लागत नाही. बाभळीची गोष्ट थोडी निराळी. खोडाची साल भोवताली काढली की झाड मरते. म्हणून जळणासाठी वा औतासाठी तोडलेल्या बाभळीची साल घ्यावी, हा शहाणपणाचा मार्ग. उभी बाभूळ सोलणे हा आळशाचा. बांधावरच्या बाभळी उसाच्या हव्यासाने कमी झाल्या, हेही येथे म्हणून ठेवले पाहिजे. तो दोष चर्मकाराचा नाही.

मग अडचण कोठे आहे? चप्पल निर्दोष आहे, पण तिच्यापाशी दाखला नाही.

पूर्वीच्या गावगाड्यात दाखल्याची गरज नव्हती. कोणाचा बैल मेला, त्याचे कातडे कोणी काढले, कोणी कमावले आणि त्याची मोट किंवा वहाण कोणाच्या घरी गेली, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. माग काढण्याची इतकी पक्की व्यवस्था आजच्या कोणत्याही यंत्राला जमलेली नाही. ती जातीच्या साखळीला बांधलेली होती, हे मात्र विसरता कामा नये. मेलेले जनावर ओढणे ज्यांच्या नशिबी लिहिले होते, त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून ते काम टाकले, ते योग्यच केले. ज्या समाजाने बाराव्या शतकात कल्याण नगरीत हरळय्यासारखा शरण दिला, त्या समगारांच्या वाट्याला नंतरची आठशे वर्षे काय आले ते सर्वांना माहीत आहे. हरळय्याने व त्याच्या पत्नीने आपल्याच मांड्यांचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी वहाणा केल्या, आणि त्या पायात घालण्याची आपली योग्यता नाही असे बसवेश्वर म्हणाले, अशी कथा या भागातील घराघरांत सांगितली जाते.

ती साखळी तुटली आणि नवी जुळली नाही. गोवंशाच्या कत्तलीवर महाराष्ट्रात २०१५ साली व कर्नाटकात २०२१ साली अधिक कडक बंदी आली. तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे प्रस्तुत नाही; परिणाम मात्र असा की जवळपासचे कातडे मिळेनासे झाले आणि कारागिराला तामिळनाडूसारख्या दूरच्या बाजारातून येणाऱ्या कमावलेल्या चामड्याकडे पाहावे लागले. ते अनेक हातांतून येते. समजा, पेढीच्या माणसाने निपाणीत येऊन विचारले, "काका, हे कातडं कुठल्या गावचं?" तर काका काय सांगणार? "व्यापाऱ्याकडनं घेतलं बघा, त्यानं पेठेतनं आणलं," एवढेच. हे उत्तर खोटे नाही, पण अक्षांश-रेखांशाच्या रकान्यात ते बसत नाही. आणि नेमकी येथे न्यायाची उलथापालथ होते. ज्याने जंगल जाळले त्या देशातील बड्या कंपनीपाशी उपग्रहाची छायाचित्रे, वकील आणि कागद तयार असतात. ज्याने एक फांदीही तोडली नाही त्याच्यापाशी कागद नसतो. कागद पाहून माल घेणारा मग कोणाचा माल घेईल?

यावर उपाय अगदीच नाहीत असे नाही. आपल्या गुरांच्या कानांत पिवळे बिल्ले सर्वांनी पाहिले असतील. त्यांवर बारा आकडी क्रमांक असतो, आणि सरकारच्या पशुधन-नोंदीत त्या क्रमांकासमोर मालकाचे नाव व गाव असते. मूळ हेतू लस आणि दूध यांचा. पण ब्राझीलला जे करण्यास इतकी वर्षे लागली ते आपल्याकडे एका वेगळ्याच कारणाने निम्मे होऊन बसले आहे. उरलेले निम्मे असे की, जनावर मरताच कानाबरोबर बिल्लाही टाकून दिला जातो आणि कातडे अनाथ होते. दुसऱ्या टोकाने, २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलेवर क्यूआर खूण लावण्याचे जाहीर केले. भ्रमणध्वनी तिच्यासमोर धरला की कारागीर कोण, जिल्हा कोणता, चामडे कसले हे कळावे अशी योजना. हेतू मुख्यतः नकली माल ओळखण्याचा आहे, आणि नकली मालाचा सुळसुळाट पाहता तो रास्त आहे. म्हणजे साखळीचे पहिले टोक गोठ्यात आहे व शेवटचे टोक दुकानात आहे; मधला भाग, म्हणजे कातडे सोलण्याची जागा, पेठ आणि कमावण्याचे हौद, तेवढा कोरा आहे.

हा मधला भाग भरण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा खरा वादाचा मुद्दा होय. रोजी मिळेल त्यावर घर चालविणाऱ्या कारागिराने तो करावा असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. ऐंशी हजारांच्या जोडात त्यासाठी जागा नाही असेही कोणाला म्हणता येणार नाही. महामंडळांनी पुढचे करार करताना मजुरीच्या कलमाखाली आणखी एक कलम घालावे : मागाचा दाखला हवा असेल तर त्याचा खर्च घेणाऱ्याचा, आणि दाखल्याअभावी परत गेलेल्या मालाची मजुरी बुडणार नाही. कॉफी व कोकोच्या मळेवाल्यांशी परदेशी कंपन्यांनी असे व्यवहार केलेले आहेत. चर्मकाराशी करता येऊ नयेत असे काही नाही.

राहिला प्रश्न खुणेचा. कागदाची चिठ्ठी चुन्याच्या हौदात विरघळते, शाई साली-हिरड्याच्या पाण्यात काळवंडून जाते. परंतु कातडे सोलल्याबरोबर त्याच्या शेपटीकडच्या कडेला टोचणीने भोके पाडून आकडा उमटविला, तर तो चुन्यातूनही टिकतो आणि कमावल्यानंतरही वाचता येतो. कमावणारे कारखाने आपापला माल ओळखण्यासाठी ही युक्ती फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. त्यासाठी लागते ती एक पोलादी टोचणी, एक हातोडी, आणि बिल्ला फेकून देण्यापूर्वी त्यावरचे बारा आकडे पाहून घेणारा एक माणूस. निपाणीच्या कारागिराच्या पेटीत रापी व आरी यांच्या शेजारी या टोचणीला जागा आहे. बारा आकड्यांचे ते कातडे मात्र त्याच्या हाती अजून यावयाचे आहे.